मनाचा घोर आणि हृदयाचा पंप

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यात जमीन हादरली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता आणि तो शेजारच्या परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला, सकाळी सव्वासातच्या सुमारास, तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना जमिनीखालून येणारे आवाज नवे नाहीत. तरीही प्रत्येक वेळी लोक अंगणात धावतात. कारण मराठवाड्यात भूकंप म्हटला की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगावली. जे वाचले त्यांच्या मनावरील आघात इतके खोल होते की भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने त्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला. मानसोपचारतज्ज्ञ व अभिनेते डॉ. मोहन आगाशे हे त्याच्या प्रमुखांपैकी एक होते.

हा लेख मात्र भूकंपावर नाही. जमीन काही सेकंदच हलते, पण छातीतील धडधड बराच वेळ थांबत नाही. ही धडधड हा आपला विषय आहे. भीती, दुःख, काळजी यांना वजन नाही, आकार नाही. मग त्या अडीचशे-तीनशे ग्रॅम वजनाच्या स्नायूच्या पंपावर परिणाम तरी कसा करतात? निरोप कोणत्या वाटेने जातो? आणि स्त्रियांच्या बाबतीत ही वाट थोडी निराळी आहे असे डॉक्टर का म्हणू लागले आहेत? हे क्रमाने पाहू या.

आसूड आणि कासरा

हृदय हा स्वतःची ठिणगी स्वतः निर्माण करणारा पंप आहे. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून ठराविक काळाने विद्युत स्पंद निघतात व त्या तालावर हृदय आकुंचन पावते. या पुंजक्याला अगदी मोकळे सोडले तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या घरात असते. याचे कारण मेंदूकडून येणाऱ्या दोन प्रकारच्या तंत्रिका होत. अनुकंपी तंत्रिका हृदयाला वेग देतात, तर परानुकंपी तंत्रिका त्याला आवरतात. बैलगाडी हाकणाऱ्याच्या एका हातात आसूड व दुसऱ्या हातात कासरा असावा, तशीच ही व्यवस्था आहे. स्वस्थ असताना कासरा ताणलेला असतो. भीती वाटताच मेंदू प्रथम कासरा सैल सोडतो आणि मग आसूड उगारतो.

तंत्रिकांचा हा निरोप क्षणात पोचतो. दुसरा निरोप रक्तातून जातो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. मेंदूचा इशारा मिळताच त्या अॅड्रेनलीन हे संप्रेरक रक्तात सोडतात. आता एक साधा हिशेब करा. हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ७० × ७२ = ५०४० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटर झाले. आपल्या शरीरात रक्तही जवळजवळ तेवढेच असते. म्हणजे ग्रंथीतून सुटलेले अॅड्रेनलीन एका मिनिटाच्या आतबाहेर शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचलेले असते.

वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली या तयारीचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ असे केले. समोर वाघ उभा असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण सावकाराचे कर्ज, घरातले आजारपण किंवा रोजचे टोमणे यांच्याशी ना लढता येते, ना त्यांच्यापासून पळता येते. आसूड मात्र उगारलेलाच राहतो.

विश्रांतीच्या वेळेचे गणित

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण स्वतःच्या स्नायूला रक्त ते केव्हा घेते? हृद्‌रोहिण्या नावाच्या वाहिन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून स्नायूत शिरतात. स्नायू आवळलेला असताना आतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या जवनिकेच्या (नव्या पुस्तकांत हिलाच निलय म्हणतात) स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधील शिथिलतेच्या काळात.

नाडी ७५ असताना एका ठोक्याचे चक्र ०.८ सेकंदाचे असते. त्यात सुमारे ०.३ सेकंद आकुंचन व ०.५ सेकंद शिथिलता. मिनिटाभरात शिथिलतेचा काळ झाला ७५ × ०.५ = ३७.५ सेकंद. नाडी १२० झाली की चक्र ०.५ सेकंदाचे होते. आकुंचनाचा काळ थोडाच कमी होतो, मोठी काटछाट होते ती शिथिलतेच्या काळात. तो सुमारे ०.२५ सेकंद उरला असे धरले तर मिनिटाला १२० × ०.२५ = ३० सेकंद मिळतात. म्हणजे काम वाढले, भूक वाढली, पण जेवायला वेळ कमी! निरोगी हृदयात वाहिन्या रुंद होऊन ही तूट भरून काढतात. पण वाहिन्या रुंद होण्याऐवजी आखडल्या तर?

चौथ्या घाताचा प्रताप

येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम उपयोगी पडतो. प्वाझय हा फ्रेंच माणूस मूळचा वैद्य. रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हे समजून घेण्यासाठी त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या केशनलिकांतून द्रव वाहू देऊन मोजमापे केली. त्याला असे आढळले की दाब, लांबी व द्रव तेच ठेवले तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो एक-षोडशांश होतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी घटली तर ०.९ चा चौथा घात ०.६५६, म्हणजे प्रवाह एक-तृतीयांशाहून अधिक घटतो. रक्त हा साधा द्रव नाही आणि वाहिन्या म्हणजे काचेच्या नळ्या नाहीत, म्हणून हे आकडे जसेच्या तसे शरीराला लावू नयेत. पण बारीक वाहिनी किंचित आखडली तरी फरक मोठा पडतो, हा मुद्दा खरा राहतो.

हृदयविकाराचे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र मोठ्या हृद्‌रोहिणीत चरबीचा थर साचून अडथळा होण्याचे असते. अँजिओग्राफीत क्ष-किरणांनी हेच अडथळे पाहतात. परंतु मोठ्या रोहिणीच्या पुढे केसासारख्या असंख्य रोहिणिका असतात व त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. अमेरिकेत १९९० च्या दशकात स्त्रियांच्या छातीतील दुखण्याचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात असे दिसले की तपासणीला आलेल्या अनेक स्त्रियांच्या मोठ्या रोहिण्या मोकळ्या होत्या, तरीही त्यांतील बऱ्याच जणींच्या हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत होते. दोष रोहिणिकांत होता. अशा स्त्रियांना पूर्वी ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवीत.

मनाचा ताण या बारीक वाहिन्यांवर चालतो का, हेही तपासता येते. रुग्णाला लोकांसमोर भाषण करावयास किंवा तोंडी वजाबाक्या करावयास सांगतात व त्याच वेळी हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे चित्र घेतात. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात व्हायोला व्हॅक्कारिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुलनेने कमी वयात झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर असे प्रयोग केले. मानसिक ताणाने रक्तपुरवठा घटण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळले.

ऑक्टोपसचे मडके

आता पुन्हा भूकंपाकडे वळू, पण जपानमध्ये. तेथील कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठी अरुंद गळ्याचे व गोल बुडाचे मडके समुद्रात सोडतात. त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. १९९० साली हिकारू सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चमत्कारिक हृदयविकाराला हेच नाव दिले. रुग्ण छातीत दुखते म्हणून येतो. विद्युत हृल्लेख झटक्यासारखाच दिसतो. पण हृद्‌रोहिण्यांत असा दुखावा घडवील असा अडथळा सापडत नाही. मात्र डाव्या जवनिकेचे टोक लुळे पडून फुग्यासारखे फुगलेले असते व वरचा भाग जोराने आवळत असतो. आकार हुबेहूब त्या मडक्याचा!

२३ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्या निईगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तेथील रुग्णालयांत या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि त्यांत बहुतेक वयस्क स्त्रिया होत्या. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा १९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोणाला जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कळली होती, कोणाला मोठी भीती बसली होती. १९ पैकी १८ स्त्रिया होत्या. त्यांच्या रक्तातील अॅड्रेनलीन व त्याच्या जातीची द्रव्ये, खऱ्या झटक्याच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट अधिक होती. २०१५ साली अनेक देशांतील १७५० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातही दर दहांपैकी नऊ स्त्रिया होत्या व सरासरी वय सदुसष्टच्या जवळ होते.

मराठीत आपण ‘ऊर फुटला’, ‘काळजाला घरे पडली’ असे म्हणतो. ताकोत्सुबोचे चित्र पाहिले की अशा बोलण्यामागे काही अनुभव असावा असे वाटते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, या १७५० रुग्णांपैकी केवळ २८ टक्क्यांच्या जवळपास लोकांत मनाला धक्का देणारे कारण होते. त्याहून अधिक जणांना शारीरिक आजार किंवा शस्त्रक्रियेसारखे कारण होते आणि अठ्ठावीस-एकोणतीस टक्क्यांत तर कोणतेच कारण सापडले नाही. दोन, बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, तरी हा विकार निरुपद्रवी नाही. काही रुग्ण दगावतात. म्हणून हा ‘खोटा झटका’ नव्हे.

रोजचा घोर

भूकंप रोज होत नाही, पण घोर रोज असू शकतो. २००४ साली ‘इंटरहार्ट’ या नावाने ५२ देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतही त्यात होता. पहिलाच झटका आलेल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांची तेवढ्याच निरोगी लोकांशी तुलना केली. झटक्याशी निगडित असे नऊ घटक ठळक दिसले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद यांच्या पंक्तीत मानसिक व सामाजिक ताणही होता.

स्त्रियांपुरता ताण कोणता, याचे उत्तर स्वीडनमध्ये शोधले गेले. स्टॉकहोम येथे क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी झटका येऊन गेलेल्या स्त्रियांचा काही वर्षे मागोवा घेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे निघाले की, नवऱ्याशी संबंध फार ताणलेले असलेल्या स्त्रियांना हृदयाचा त्रास पुन्हा होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता. नोकरीतील ताणाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. घर हे विसाव्याचे ठिकाण असे आपण समजतो. ज्या घरात विसावा नाही, तेथे आसूड रात्रीही खाली येत नाही.

दीर्घकाळचे नैराश्य दोन वाटांनी हृदयाकडे जाते. पहिली वाट शरीराची. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते, रक्तदाब व साखर चढते, रक्तातील बिंबाणू अधिक चिकट होतात, वाहिन्यांच्या अस्तराला सूज राहते. दुसरी वाट वागण्याची. झोप उडते, जेवणाची वेळ राहत नाही, औषधे चुकतात, मिश्रीचा डबा दिवसातून चार वेळा उघडतो. मिश्री म्हणजे तंबाखूच हे विसरू नका. उलट वाटही आहेच. झटका येऊन गेलेल्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते.

येथे शास्त्राच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते काय? झटका आल्यावर ‘तुम्हाला ताण होता काय?’ असे विचारले तर ‘होता’ असे उत्तर येण्याचा संभव अधिक. म्हणून कारण तपासण्याचा एक उपाय म्हणजे ताण कमी करून पाहणे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत झटक्यानंतरच्या नैराश्यावर उपचार केले. मन सुधारले, पण मृत्यू घटले नाहीत. याउलट स्टॉकहोममध्ये २३७ स्त्रियांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, वर्षभरात वीस बैठकांना बोलावले. चार ते आठ जणींचे लहान गट केले व ताण कसा हाताळावा हे शिकविले. सुमारे सात वर्षांनी पाहता नेहमीच्या उपचारांतील २० टक्के स्त्रिया मरण पावल्या होत्या, तर गटांतील ७ टक्के. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. एका लहान चाचणीवरून कायदा सिद्ध होत नाही. पण चार-आठ जणींनी नियमित बसून बोलणे हा काही परदेशी उपाय नव्हे. आपल्या गावोगावच्या महिला बचत गटांना तो सहज जमण्यासारखा आहे.

पाळी लवकर जाण्याचा प्रश्न

इस्ट्रोजेन हे अंडाशयातील संप्रेरक वाहिन्यांचे अस्तर लवचीक ठेवण्यास मदत करते. पाळी जाण्याच्या वयात, म्हणजे साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास, ते घटते. त्यानंतर स्त्रियांतील हृदयविकार वाढत जातो. याच वयात झोप मोडणे, चिडचिड, उदासी हेही अनेकींना जाणवते.

पाळी शस्त्रक्रियेने अवेळी बंद झाली तर हे संरक्षणही लवकर जाऊ शकते. २०१९ साली महाराष्ट्र शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी केली. नीलम गोऱ्हे या समितीच्या अध्यक्ष होत्या. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेक जणी तरुण होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एकदम थांबते. या पाहणीने हृदयविकार मोजलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण कमी वयात दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे इतरत्रच्या अभ्यासांतून ठाऊक आहे. तेव्हा अशा स्त्रियांचा रक्तदाब, साखर व मनःस्थिती यांची तपासणी नियमाने झाली पाहिजे.

‘टेन्शन आहे’ हे निदान नव्हे

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना नव्वदच्या दशकात झटका आला. त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मन व हृदय यांचे नाते मराठी घराघरांत पोचविले. तरीही आपल्या मनात हृदयरोगी म्हणून उभा राहतो तो पुरुषच. बाईच्या छातीत दुखले की ‘फार मनाला लावून घेते’ असे म्हणून विषय संपतो.

धडधड, दम लागणे ही लक्षणे एकाच रोगाची नसतात. रक्तक्षयातही ती दिसतात आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. गलग्रंथीचे विकार, हृदयाच्या झडपांचे दोष, खरीखुरी चिंता, ही सर्व कारणे असू शकतात. त्यांतले कोणते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. ‘मनाचे आहे’ हा निष्कर्ष तपासणीनंतरचा असावा, आधीचा नव्हे. आणि तो निघाला तरी मनाच्या दुखण्यालाही उपचार लागतातच.

झटक्यात छातीत दुखणे हे स्त्रियांतही मुख्य लक्षण असते. पण त्याबरोबर किंवा त्याऐवजी दम लागणे, मळमळ, घाम, जबडा, पाठ किंवा हात दुखणे, एकाएकी गळून जाणे ही लक्षणे त्यांच्यात अधिक वेळा दिसतात. आई, आजी किंवा मावशी असे काही सांगत असेल आणि ते थांबत नसेल, तर ‘स्वयंपाक उरकून जाऊ’ म्हणू देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा व विद्युत हृल्लेख काढून घ्या. उदासी, झोप न लागणे, जीव नकोसा वाटणे हे दिवसेंदिवस चालू असेल तर १४४१६ हा शासनाचा ‘टेलि-मानस’ क्रमांक विनामूल्य आहे. २०२२ पासून तो चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

करून पहा

साहित्य : सेकंदकाटा असलेले घड्याळ, वही, तीन मित्र किंवा मैत्रिणी.

एकाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दुसऱ्याने त्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटे ठेवून ३० सेकंद नाडी मोजावी व दुप्पट करावी. मग बसलेल्याने सर्व वर्गासमोर ५०० मधून ७ वजा करीत मोठ्याने म्हणत जावे : ४९३, ४८६, ४७९... तिसऱ्याने चूक होताच ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणावे. हे चालू असतानाच नाडी मोजा. थांबल्यावर दर मिनिटाला, पाच मिनिटांपर्यंत, पुन्हा मोजा व आलेख काढा. ३० सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली तर मिनिटाच्या आकड्यात दोनचा फरक पडतो, हे ध्यानात घ्या. दोन-चार ठोक्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. आजारी व्यक्तीवर हा प्रयोग करू नये.

बसलेला माणूस जागचा हलला नाही, काही उचलले नाही. तरी नाडी का वाढली? ती किती वाढली यापेक्षा, ती किती वेळात खाली आली हे आलेखावर पहा. कोणाची एका मिनिटात उतरते, कोणाची पाच मिनिटांतही नाही. वजाबाकी संपली की आपला कासरा पुन्हा ताणला जातो. ज्यांच्या घरची वजाबाकी कधीच संपत नाही, त्यांचा आलेख कसा दिसेल, तोही कागदावर काढून पहा व वर्गात चर्चा करा.